अवहेलना ते अभिजातता : १९६७ ते १९७० या काळातील काही रॉक अल्बमांच्या स्वीकृतीचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या कलाकृतीची तिच्या प्रकाशनसमयी उपेक्षा व्हावी आणि पुढील पिढीने तिला मान द्यावा, ही घटना कलेच्या इतिहासात नवी नाही. भवभूतीने ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत आपल्या टीकाकारांना उद्देशून पुढे कधीतरी जन्माला येणाऱ्या समानधर्म्याची आशा व्यक्त केली, त्याला बारा शतकांहून अधिक काळ लोटला. मात्र त्याचे नाटक त्या समानधर्म्यापर्यंत पोहोचले ते केवळ काळ पुढे सरकला म्हणून नव्हे. मधल्या काळात कोणी त्याच्या पोथ्या उतरवून घेतल्या, कोणी त्यावर टीका रचली, कोणी त्या जपून ठेवल्या. विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत पोथीच्या जागी तबकडी आली आणि लिपिकाराच्या जागी व्यापारी कंपनी आली. उपेक्षित कृतीला पुन्हा उजेडात कोण आणतो, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

रॉक संगीताच्या इतिहासलेखनात एक कथानक वारंवार आढळते. अल्बम प्रकाशित झाला, समीक्षकांनी तो झोडपला, श्रोत्यांनी पाठ फिरवली आणि तीस वर्षांनी तोच अल्बम अभिजात ठरला. हे कथानक आकर्षक आहे. परंतु उपलब्ध नोंदींशी ताडून पाहिले असता ते क्वचितच जसेच्या तसे टिकते. प्रस्तुत लेखात ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ (१९६७), द किंक्स या बँडचा ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ (१९६८), ‘लेड झेपलिन’ (१९६९) आणि ‘ब्लॅक सबाथ’ (१९७०) या चार अल्बमांचा परामर्श घेतला आहे. ‘आरंभी नाकारलेले’ म्हणून या चौघांची नावे एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात त्यांना नाकारणारे लोक वेगवेगळे होते, आणि त्यांना पुढे आणणारे लोकही वेगवेगळे होते.

समीक्षेचा जन्मकाळ

या चार अल्बमांची गोष्ट समजून घेण्यासाठी एक कालक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे फिरणारी लाँग प्ले तबकडी कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली. परंतु साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तरुणांच्या संगीताचे खरे चलन होते ते दोन गाण्यांची छोटी तबकडी. लाँग प्ले म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या सोबतीला भरताड, अशीच सर्वसाधारण समजूत होती. संपूर्ण अल्बम ही एक सलग रचना मानावी, हा विचार बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ने (१९६७) सर्वतोमुखी केला.

अल्बमला कृतीचा दर्जा मिळाल्यावर त्याचे परीक्षण करणारा वर्गही निर्माण होणे ओघानेच आले. पॉल विल्यम्स या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने १९६६ मध्ये ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक सुरू केले. यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथून काढलेल्या ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ चा. डेट्रॉइटचे ‘क्रीम’ १९६९ चे. इंग्लंडमध्ये ‘मेलडी मेकर’ (१९२६) आणि ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ (१९५२) ही नियतकालिके जुनी होती खरी. पण रॉककडे गंभीर कला म्हणून पाहण्याची भाषा त्यांच्याकडेही नुकतीच घडत होती. थोडक्यात, ज्या समीक्षेने या अल्बमांना नाकारले असे म्हटले जाते, ती स्वतःच दोन-तीन वर्षांची होती. तिच्यापाशी परंपरा नव्हती, मापदंड उसने होते आणि लिहिणारे बहुतेक जण विशीतले होते.

योगायोग असा की, हान्स रोबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने कॉन्स्टान्झ विद्यापीठात साहित्येतिहासाची पुनर्मांडणी करणारे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले तेही १९६७ मध्येच. कृतीचा इतिहास हा तिच्या स्वीकृतीचा इतिहास असतो. वाचक आपल्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’तून कृतीकडे पाहतो आणि कृती व ते क्षितिज यांतील अंतर काळानुसार बदलत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. रॉक अल्बमांना हे प्रतिपादन लावताना एक भर घालावी लागते. पुस्तकाचा वाचक, ग्रंथपाल आणि प्रकाशक यांची क्षितिजे निदान एकमेकांना परिचित असतात. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत परीक्षण लिहिणारा, पैसे मोजून तबकडी घेणारा, रेडिओवर ती वाजवणारा आणि ती बाजारात ठेवणारी कंपनी यांची क्षितिजे पुष्कळदा परस्परांच्या विरुद्ध दिशेला असतात.

टीकाकारांनी नाकारले, ग्राहकांनी घेतले

‘लेड झेपलिन’ हा अल्बम लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत १९६८ च्या शरदात सुमारे छत्तीस तासांच्या कामात पूर्ण झाला आणि जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत अटलांटिक कंपनीने तो प्रकाशित केला. मार्च १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन मेंडेलसन यांचे परीक्षण आले. जेफ बेक याच्या बँडने आधीच्या वर्षी जे केले त्यात या अल्बमाने विशेष भर घातलेली नाही, जिमी पेज हा गिटारवादक म्हणून निपुण असला तरी गीतकार आणि निर्माता म्हणून तोकडा आहे, आणि गायकाचा आविर्भाव अतिरेकी आहे, असा त्यांचा सूर होता. नोव्हेंबर १९६८ मध्ये विसर्जित झालेल्या क्रीम या बँडची मोकळी झालेली जागा भरण्याची घाई या परीक्षणाला जाणवली.

बाजाराचा निकाल याच्या नेमका उलट लागला. हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत दहाव्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या स्थानापर्यंत पोहोचला. म्हणजे येथे ‘अपयश’ हा शब्दच गैरलागू ठरतो. या बँडने मात्र परीक्षणांचा राग मनात धरला. वृत्तपत्रांपासून ते दूर राहू लागले, आणि १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या चौथ्या अल्बमच्या वेष्टनावर ना बँडचे नाव छापले ना अल्बमचे. नावाच्या वलयाशिवाय केवळ संगीत ऐकले जावे, हा त्यामागील हेतू जिमी पेज याने पुढे सांगितला आहे.

पुनर्मूल्यांकन म्हणजे नेहमी वरचढ चढत जाणारी शिडी असे मानले जाते. झेपलिनच्या पहिल्या अल्बमचा पुढील इतिहास हे गृहीतक तपासून पाहायला लावतो. अल्बममधील ‘बेब आय ॲम गॉना लीव्ह यू’ हे गाणे मूळ ॲन ब्रेडन यांचे. १९९० पासून त्यांचे नाव श्रेयात येऊ लागले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ या रचनेवर जेक होम्स यांनी २०१० मध्ये न्यायालयात दावा दाखल केला, तो तडजोडीने मिटला आणि त्यांचाही उल्लेख श्रेयात आला. १९६९ च्या परीक्षणात ‘यात नवे काय’ हा प्रश्न होता. चाळीस वर्षांनंतरचा प्रश्न ‘यात कोणाचे काय’ असा झाला. अल्बमची कीर्ती वाढली त्याच काळात त्याच्या कर्तृत्वाचा हिशेबही अधिक कसोशीने मांडला गेला. पहिल्या परीक्षकाने बोट ठेवले ते गीतलेखनाच्या दुबळेपणावर. त्याने सांगितलेली कारणे आज पटोत वा न पटोत, जागा त्याने अगदीच चुकीची निवडली होती असे म्हणता येत नाही.

या बँडचा मुंबईशी आलेला संबंध येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना सोबत घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन रचना नव्याने ध्वनिमुद्रित केल्या. ही ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे श्रोत्यांसमोर आली ती २०१५ मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षे त्यांच्या बऱ्यावाईटाचा प्रश्नच उपस्थित झाला नाही. कारण प्रकाशनाचा निर्णय झालेला नव्हता.

‘ब्लॅक सबाथ’ची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतून आलेल्या चार तरुणांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी तो ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढील काळात तारांचा ताण उतरवून स्वर खाली आणला. ज्या जडशीळ, खर्जातल्या नादाला पुढे ‘हेवी मेटल’ असे नाव रूढ झाले, त्याच्या घडणीत एका कारखान्यातील अपघाताचा हा असा वाटा आहे. गायक ऑझी ऑस्बोर्न याने कत्तलखान्यात काम केले होते.

लेस्टर बँग्ज यांनी सप्टेंबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये या अल्बमची अक्षरशः खिल्ली उडवली. येथेही तुलना क्रीमशीच होती, आणि तीही हीन ठरवण्यासाठी. अल्बम ब्रिटनमध्ये आठव्या आणि अमेरिकेत तेविसाव्या स्थानी गेला. कॅलिफोर्नियातील सुशिक्षित तरुण समीक्षक आणि बर्मिंगहॅम वा डेट्रॉइटसारख्या कारखानी शहरांतील श्रोता यांच्या अपेक्षांत किती अंतर होते, याचा हा पुरावा मानता येईल. समीक्षकाला ब्लूज संगीताशी इमान, शब्दांतील चातुर्य आणि वादनातील विस्तार हवा होता. श्रोत्याला त्या संगीतात आपल्या परिसराचा आवाज ऐकू येत होता. अर्थात सर्व समीक्षक एका वर्गाचे आणि सर्व श्रोते दुसऱ्या वर्गाचे, अशी सरळ वाटणी करणे धाडसाचे होईल. पण वर्गाचा धागा वगळून ही अवहेलना समजून घेता येत नाही.

बँग्ज यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. १९७२ मध्ये ‘क्रीम’ नियतकालिकाच्या दोन अंकांत त्यांनी ब्लॅक सबाथवर दीर्घ लेख लिहिला आणि या बँडमध्ये दडलेल्या नैतिक तळमळीची गंभीरपणे दखल घेतली. म्हणजे पुनर्मूल्यांकनासाठी तीस वर्षे थांबावे लागले नाही; पहिल्या परीक्षकानेच ते दोन वर्षांत सुरू केले. लोकस्मृतीत मात्र १९७० चे परीक्षण टिकून राहिले आणि १९७२ चा लेख जवळजवळ विस्मरणात गेला. आधी तुच्छता आणि मग गौरव, या कथानकाला पहिल्या लेखाची गरज होती, दुसऱ्याची नव्हती.

शहराने आपल्या या मुलांना मान द्यायला त्याहून बराच अधिक काळ घेतला. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात या बँडच्या पन्नास वर्षांवर प्रदर्शन भरले. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅले या संस्थेने त्यांच्या संगीतावर नृत्यनाट्य सादर केले. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी ऑस्बोर्नचे निधन झाले.

टीकाकारांनी घेतले, ग्राहकांनी नाकारले

द किंक्सच्या ‘व्हिलेज ग्रीन’ची स्थिती याच्या पूर्ण उलट होती. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी पाय कंपनीने हा पंधरा गाण्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनातला दुहेरी अल्बमही त्याच दिवशी बाजारात आला. मूळ योजना सप्टेंबरची आणि बारा गाण्यांची होती. परंतु रे डेव्हिस याने अधिक गाणी घालण्यासाठी ती मागे घेतली. ब्रिटनमध्ये यातील एकही गाणे छोट्या तबकडीच्या रूपाने आले नाही. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेच्या बंदीमुळे १९६५ पासून चार वर्षे या बँडला तेथे दौरा करता आला नव्हता. परिणामी अल्बम ना ब्रिटनच्या विक्रीयादीत आला ना अमेरिकेच्या.

व्यवहारातील ही कारणे महत्त्वाची असली तरी आशयाचा प्रश्न उरतोच. १९६८ हे पॅरिसच्या विद्यार्थी-उठावाचे, व्हिएतनामविरोधी निदर्शनांचे आणि प्राहामध्ये घुसलेल्या रणगाड्यांचे वर्ष. अशा वर्षी रे डेव्हिस खेड्यातले हिरवे मैदान, जुनी छायाचित्रे, वाफेचे इंजिन आणि विसरलेले मित्र यांच्याविषयी हळुवार, किंचित उपरोधिक गाणी लिहीत होता. त्याची भूमिका जुन्याचे गोडवे गाणाऱ्याची होती की जुन्याला कवटाळणाऱ्यांची थट्टा करणाऱ्याची, हे ठरवणे आजही सोपे नाही. गंमत अशी की, समीक्षकांना हे द्व्यर्थीपण उमगले होते. रॉबर्ट ख्रिस्टगाउ यांनी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये १९६९ मध्ये अल्बमची मनापासून प्रशंसा केली, ‘क्रॉडॅडी’चे संस्थापक पॉल विल्यम्स यांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये अनुकूल परीक्षण लिहिले. तेव्हा ‘समीक्षकांना कळले नाही’ हे विधान या अल्बमला लागू पडत नाही.

या संदर्भात सर्वांत लक्षणीय नाव पुन्हा जॉन मेंडेलसन यांचेच आहे. झेपलिनला धारेवर धरणारे हेच समीक्षक किंक्सचे अमेरिकेतील कट्टर पुरस्कर्ते होते. १९७२ मध्ये रिप्राइज कंपनीने काढलेल्या ‘द किंक क्रॉनिकल्स’ या संकलनाची प्रस्तावनापर टिपणे त्यांनीच लिहिली. तसेच ब्लॅक सबाथची टवाळी करणारे लेस्टर बँग्ज हे व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या सर्वांत निष्ठावंत पाठीराख्यांपैकी एक होते. रॉकचा इतिहास लिहिताना अवहेलना करणारे समीक्षक एका बाजूला आणि उद्धार करणारे दुसऱ्या बाजूला असे दोन गट कल्पिले जातात. प्रत्यक्षात ज्या रुचीने झेपलिन नाकारला त्याच रुचीने किंक्स जपला. संयम, उपरोध आणि शब्दकळा यांना मान देणारी ती रुची होती. बळ आणि आवाज यांना ती बिचकत होती. तिचा नकार आणि तिचा स्वीकार एकाच मुळातून आले असल्यामुळे एकाला चूक आणि दुसऱ्याला दूरदृष्टी म्हणणे सुसंगत ठरत नाही.

‘व्हिलेज ग्रीन’ला पुढे आणण्याचे काम नव्वदच्या दशकातील ब्रिटिश बँडांनी, विशेषतः ब्लरसारख्या स्वतःच्या इंग्रजपणाकडे उपरोधाने पाहणाऱ्यांनी केले. २००४ मध्ये अल्बमची तीन सीडींची विस्तारित आवृत्ती निघाली. त्याच वर्षी ‘पिक्चर बुक’ हे त्यातील गाणे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या जाहिरातीत वाजले आणि ज्यांनी किंक्सचे नाव ऐकले नव्हते अशांच्या घरात ते पोहोचले. ब्रिटनमध्ये एक लाख प्रतींसाठी दिले जाणारे सुवर्णप्रमाणपत्र या अल्बमला २०१८ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मिळाले.

जाता जाता द झोम्बीज या बँडच्या ‘ओडेसी अँड ओरॅकल’चा (१९६८) उल्लेख करावयास हवा. त्याच्या वेष्टनावरील ‘ओडेसी’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंगही चित्रकाराच्या हातून चुकले आहे. अल्बम बाजारात येण्यापूर्वीच, डिसेंबर १९६७ मध्ये, बँड फुटला होता. अल कूपर या संगीतकाराने कोलंबिया कंपनीकडे आग्रह धरला म्हणून तो अमेरिकेत निघाला आणि १९६९ च्या आरंभी ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणे तेथे तिसऱ्या स्थानी गेले. गाणे गाजत असताना ते गाणारे लोकच एकत्र नव्हते. तेव्हा त्यांच्या नावाने तोतया बँड अमेरिकाभर कार्यक्रम करीत फिरले. यश आले, पण ते घ्यायला दारात कोणी नव्हते, असा हा प्रकार.

कोणीच घेतले नाही?

‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम मार्च १९६७ मध्ये एम.जी.एम.च्या व्हर्व्ह या शाखेने प्रकाशित केला. त्यातील बहुतेक ध्वनिमुद्रण १९६६ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाले होते. निर्माता म्हणून चित्रकार अँडी वॉरहॉल याचे नाव होते आणि वेष्टनावर त्यानेच काढलेले, साल सोलता येणारे केळे होते. लू रीडच्या गाण्यांत अमली पदार्थ, देहविक्रय आणि पीडनप्रियता यांची थेट वर्णने होती, तर जॉन केलच्या व्हायोलाचा अखंड घुमणारा षड्ज ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नव्हता. रेडिओची दारे बंद राहिली. त्यातच वेष्टनाच्या मागील बाजूच्या छायाचित्रात ज्याची प्रतिमा आली होती अशा एका नटाने पैशांची मागणी केली आणि कंपनीने विक्री थांबवून वेष्टन बदलले. अल्बमची अमेरिकी विक्रीयादीतील सर्वोच्च मजल १७१ ही होती.

येथे समीक्षकांनी काय केले? उत्तर असे की, झोडपण्याइतकीही दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्या ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये या अल्बमला सर्वकालीन श्रेष्ठ अल्बमांत तेराव्या क्रमांकावर बसवले, त्याचा पहिला अंक निघायला अल्बमच्या प्रकाशनानंतर आठ महिने अवकाश होता.

या अल्बमविषयी सर्वाधिक उद्धृत होणारे विधान ब्रायन ईनो याचे आहे. १९८२ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत लू रीडचा हवाला देऊन त्याने पहिल्या पाच वर्षांतील विक्री तीस हजार सांगितली, आणि ती तबकडी घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा बँड काढला असावा अशी पुस्ती जोडली. पुढे या विधानाचा पूर्वार्ध अनेकदा आणखी लहान आकड्यासह सांगितला जाऊ लागला. एम.जी.एम.च्या मानधनाचा एक हिशेब पुढे उजेडात आला, त्यानुसार फेब्रुवारी १९६९ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांच्या आतच, सुमारे अठ्ठावन्न हजार प्रती विकल्या गेल्या होत्या. हा आकडा त्या काळच्या यशस्वी अल्बमांच्या तुलनेत किरकोळ असला तरी दंतकथेतील आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. अपयशाच्या आकड्यालाही घटत जाण्यात गोडी असते, हे कीर्तीच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

विधानाचा उत्तरार्ध मात्र भक्कम उभा राहतो. डेव्हिड बोवीला या अल्बमची चाचणी तबकडी त्याच्या व्यवस्थापकाकडून प्रकाशनाच्या आधीच मिळाली होती. १९७२ मध्ये लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या अल्बमची निर्मिती बोवीने मिक रॉन्सनच्या साथीने केली. ऐंशीच्या दशकात आर.ई.एम. या बँडने व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी पुन्हा गायिली. वादकाकडून वादकाकडे गेलेली ही परंपरा गुरुशिष्यपरंपरेसारखी प्रत्यक्ष सहवासाची नव्हती. तबकडी हाच गुरू होता.

या परंपरेचे सर्वांत गंभीर पर्व अमेरिकेत घडले नाही. नाटककार वाक्लाव हावेल १९६८ च्या वसंतात आपल्या नाटकाच्या प्रयोगानिमित्त न्यूयॉर्कला गेला आणि परतताना व्हेल्वेट अंडरग्राउंडची तबकडी सोबत घेऊन आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांतच प्राहामध्ये द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँड स्थापन झाला. हा बँड व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवीत असे. त्यांचा मार्गदर्शक इव्हान यिरौस हा कलासमीक्षक वॉरहॉलच्या प्रयोगांनी भारलेला होता. १९७० मध्ये बँडचा व्यावसायिक परवाना काढून घेण्यात आला. पुढचे कार्यक्रम खेडोपाडी, लग्नसमारंभाच्या निमित्ताने, गुपचूप होऊ लागले. १९७६ मध्ये बँडच्या आणि त्याच्या वर्तुळातील मंडळींना अटक झाली आणि यिरौससह चौघांना कारावासाची शिक्षा झाली. यिरौसची शिक्षा अठरा महिन्यांची होती. या खटल्याने अस्वस्थ झालेल्या हावेल आणि इतर विचारवंतांनी जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन प्रसिद्ध केले.

१९८९ च्या सत्तांतराला ‘मखमली क्रांती’ हे नाव या बँडच्या नावावरून पडले असे पुष्कळदा सांगितले जाते. ते मानण्यास आधार नाही. रक्तपाताविना, हळुवारपणे झालेले स्थित्यंतर हाच त्या विशेषणाचा अर्थ. मात्र राष्ट्राध्यक्ष झालेल्या हावेलने १९९० मध्ये प्राहामध्ये लू रीडची भेट घेतली आणि त्या संगीताचे ऋण स्वतः बोलून दाखवले. अमेरिकी कंपनीच्या हिशेबवहीत जो अल्बम १७१ व्या क्रमांकाचा होता, त्याच्या पाठीराख्यांना दुसऱ्या एका देशात तुरुंगवास पत्करावा लागला. पुनर्मूल्यांकनाच्या चर्चेत विक्रीचे आकडे आणि समीक्षकांचे तारे यांनाच पुरावा मानणाऱ्यांनी हा पुरावा कोणत्या रकान्यात भरावयाचा, याचा विचार केलेला दिसत नाही.

याद्यांचा काळ

ऐंशीच्या दशकात सीडी आली आणि कंपन्यांना आपली जुनी कोठारे उघडण्यास व्यापारी कारण मिळाले. व्हेल्वेट अंडरग्राउंडची अप्रकाशित ध्वनिमुद्रणे ‘व्हीयू’ या नावाने १९८५ मध्ये बाहेर आली. पूर्वी न विकलेला माल ‘उपेक्षित अभिजात’ या शिक्क्यासह नव्याने विकता येतो, हे कंपन्यांना उमगले. ज्यांनी एकेकाळी जाहिरातीवर खर्च केला नाही त्यांनीच पुढे वर्धापनदिनाच्या देखण्या पेट्या काढल्या. त्यामुळे पुनर्मूल्यांकनाला न्यायनिवाडा म्हणण्यापूर्वी त्यातील हितसंबंध तपासणे इतिहासकाराचे काम ठरते. दुसऱ्या बाजूने, या पेट्या निघाल्या नसत्या तर संशोधनाला साधनेही मिळाली नसती, हेही खरे. व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या १९६६ मधील ध्वनिमुद्रणाची एक कच्ची तबकडी २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात ७५ सेंटला विकली गेली. डिसेंबर २००६ मध्ये तिला २५,२०० डॉलर मिळाले, आणि २०१२ मध्ये तिच्यातील ध्वनिमुद्रणे अल्बमच्या पंचेचाळीस वर्षांनिमित्त निघालेल्या संचात समाविष्ट झाली.

संस्थांनीही आपला शिक्का उमटवला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये व्हेल्वेट अंडरग्राउंडचा समावेश १९९६ मध्ये, ब्लॅक सबाथचा २००६ मध्ये, झोम्बीजचा २०१९ मध्ये झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ची नोंद २००६ साठीच्या निवडीत केली.

पण याद्या म्हणजे काही शिलालेख नव्हेत. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या सूचीत ‘लेड झेपलिन’ २९ व्या स्थानी होता. २०२० मध्ये मतदारांचे मंडळ बदलले आणि हिप-हॉप व सोल संगीताला मोठी जागा मिळाली, तेव्हा तो १०१ वर उतरला. १९६७ मध्ये साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेला ‘सार्जंट पेपर्स’ २००३ मध्ये पहिला होता. २०२० मध्ये तो चोविसावा झाला. त्याच्या लगतच वर, तेविसाव्या स्थानावर, ‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको’ आहे.